व्यत्यय : अर्थ आणि वाक्यात उपयोग

व्यत्यय हा शब्द रामराव आमच्या दारात उभं राहून बोलले, आणि चपला पायातच ठेवून बोलले. सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड माणूस, आवाज मऊ. "मॅडम, तसं काही विशेष नाही, पण कालच्या त्या प्रकारानं जरा लोकांना व्यत्यय आला. पोरांच्या सहामाही परीक्षा चालू आहेत. तुम्ही तर स्वतः शिक्षिका, तुम्हाला मी काय सांगायचं?" एवढं बोलून ते हसले. मला मऊ आवाजाच्या माणसांची चीड आहे. शिवी देणाऱ्याला उलट शिवी देता येते, मऊ बोलणाऱ्याला चहा विचारावा लागतो. मी विचारला. ते नको म्हणाले आणि जिना उतरून गेले. दार लावून वळले तर याडी, म्हणजे माझी आई सुखीबाई, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. अंगावर आमची घागरा-चोळी, फेटिया-कांचळी, कांचळीवरचे आरसे ट्यूबलाईटनं चमकत होते. "काय म्हनत होता तो?" मी म्हटलं, काही नाही. "काही नाही कसं? तुह्या तोंडाचा रंगच गेला. एक शबुद म्हनला तो. व्यत्यय. व्यत्यय म्हंजे काय?" घरात आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलतो, मी ते इथं मराठी करून सांगते आहे, आणि तसं करताना त्यातलं बरंच गळून जातं, त्याला माझा इलाज नाही. पण तो एक शब्द मात्र तिनं मराठीतलाच जसाच्या तसा उचलला होता, अगदी शुद्ध, माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना तो इतका नीट बोलता येत नाही.

मी यवतमाळात मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मी इतकी वर्षं पेपरात टाकत आले की झोपेतही टाकीन. व्यत्यय हा त्यातला लाडका शब्द, कारण तो सोपा वाटतो आणि लिहिताना पोरं हमखास चुकतात. अर्थ : अडथळा, खंड. वाक्य : लाईट गेल्यामुळे अभ्यासात व्यत्यय आला. सगळेच हेच वाक्य लिहितात. ज्यांच्या घरी लाईट येतच नाही तेही हेच लिहितात. मी बरोबरची खूण करते आणि पान उलटते. म्हणून आईनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं, वर्गात निघतं तसंच. म्हटलं, याडी, कोणाचं काही नीट चाललं असलं आणि मधातच कोणी येऊन ते मोडलं, तर त्याले व्यत्यय म्हनतात. तिनं मान हलवली. तिला समजलं होतं. गॅसवरचं दूध उतू चाललं होतं ते तिनं बंद केलं, ओट्यावर सांडलेलं पुसलं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "म्हंजे काल त्याहीचं नीट चाललं होतं, आन् म्या मोडलं." मी म्हटलं, तसं नाही. पण तसंच होतं, अर्थ तोच होता, आणि मीच सांगितला होता, पैकीच्या पैकी गुण मिळावेत इतका अचूक.

काल झालं होतं ते एवढंच. आई महागावकडच्या आमच्या तांड्यावरून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. मी तिला स्टँडवर घ्यायला जाणार होते, पण ती एका जीपमध्ये बसून आधीच आली आणि पत्ता विचारत विचारत जिना चढून दारात उभी राहिली. मी दार उघडलं. तिनं पिशवी खाली टाकली, माझ्या गळ्यात हात घातले, डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि रडायला लागली. आमच्यात असंच भेटतात. किती दिवसांनी भेटली, कुठं होतीस, तुझ्याविना घर कसं राहिलं, तुझा बाप असता तर आज तुला पाहून काय म्हणाला असता, हे सगळं सुरात, लांब लांब ओळींत, एकीनं एक ओळ म्हणायची आणि दुसरीनं तिला उत्तर द्यायचं. ओळीच्या शेवटी आवाज वर चढतो आणि मग तुटतो. नवरी सासरी जाताना जो ढावलो गाते, त्याच्याच नात्यातलं हे. फरक इतकाच की ते सुटतानाचं आणि हे भेटतानाचं. न रडता भेटली ती बाई एकतर परकी किंवा भांडून बसलेली, असा आमच्याकडे सरळ हिशेब. मला उत्तराच्या ओळी येत नाहीत. लहानपणी हॉस्टेलला गेले ते तिथंच वाढले. मी नुसती तिच्या पाठीवर हात फिरवते आणि ती माझ्या वाटचं रडणं मला माफ करते. लेक शिकलेली आहे, असं म्हणते.

पण जिन्यात आवाज फार घुमतो. तळमजल्यापासून वरपर्यंत दारं उघडली. पहिल्यांदा खालच्या हमीदाभाभी धावत आल्या, हाताला पीठ तसंच. त्यांनी काही विचारलंच नाही, आईला मागून धरलं, "सबर करो अम्मा, सबर करो" म्हणत तिला खाली बसवलं. मग समोरच्या बाई, मग त्यांची सून. कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही गेलं, आई आली आहे. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. मेलेलं माणूस नाही म्हटल्यावर तिला राग आला होता. "मग रडता कायले एवढं?" संध्याकाळी हमीदाभाभींनी डबा पाठवला, वरण-भात, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि त्यांना कोणी खरं सांगितलंच नव्हतं. त्यांचे मालक अब्रारभाई गॅरेजवरून परस्पर वर आले, दारातच डोकं खाली घालून उभे राहिले, काही लागलं तर सांगा म्हणाले. मी त्यांना खरं सांगितलं तेव्हा ते मोकळेपणानं हसले, "अल्ला का शुकर है, अच्छी बात है," म्हणाले. सगळ्या बिल्डिंगीत तेवढे एकच हसले. आईनं तो वरण-भात आवडीनं खाल्ला. शहरातली माणसं चांगली आहेत म्हणाली.

लोकांना आमचं रडणं ऐकवत नाही असं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत तर ऐकायला दिल्लीहून गाड्या येत होत्या. कापसाला भाव नव्हता, जिनिंगच्या आवारात गवत वाढलं होतं, आणि कुठल्यातरी वाहिनीची गाडी तांड्यांवर रडणाऱ्या बाया शोधत फिरायची. एका दुपारी ती आमच्या तांड्यावर आली नेमकी तेव्हाच माझी मासी मोतीबाई, आईची धाकटी बहीण, ढाणकीकडून बहिणीला भेटायला आली होती. दोघी लिंबाखाली गळ्यात गळे घालून बसल्या होत्या, त्यांचं भेटणं चालू होतं. कॅमेरावाल्यांनी ते सगळं घेतलं. एका पोरीनं तर मध्ये आईला थांबवून, थोडं इकडं तोंड करून रडा असंही सांगितलं, आणि आईनं केलं, कारण पाहुण्यानं सांगितलेलं करावं. मग ते देशभर दिसलं, मागं बासरी लावून, खाली विदर्भाच्या दुःखाच्या पट्ट्या. पुसदच्या नातेवाइकांचा फोन आला, कोण वारलं म्हणून. आई मला विचारत होती, "मी दिसली का चांगली? मोतीचं तोंड दिसलं का?" दोन बहिणी आनंदानं भेटत होत्या हो, मासीनं खारोड्या आणल्या होत्या. रामरावांनीही ते पाहिलं असेल, जेवता जेवता. तेव्हा त्यांच्या जेवणात व्यत्यय आला नसेल.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवं फडकं, नंतर काळा चष्मा. डॉक्टरनं सांगितलं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, रडायचं नाही. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि खाली पाहायची. ती हळू चालायला लागली होती, पैंजण काढून ठेवले होते. मी विचारलं काहून काढले, तर म्हणाली, टोचतात. उभं आयुष्य टोचले नव्हते. भांडं हातातून पडलं की ती आधी दाराकडे पाहायची. टीव्हीचा आवाज ती स्वतःच कमी करायची. मी शाळेतून यायचे तेव्हा घरात कोणी नसल्यासारखी शांतता असायची आणि ती आतल्या खोलीत नुसती बसलेली असायची, दिवा न लावता. मला तिचा राग यायचा. ज्याच्यावर रागवायचं तो खाली मऊ आवाजात सगळ्यांशी बोलत होता आणि मी तिच्यावर चिडचिड करत होते, "याडी, असं चोरासारखं काहून राहते? घर आपलं हाय." ती म्हणायची, "घर आपलं हाय, भिंतीच्या पल्याड त्याहीचं हाय." शिकलेल्या माणसाला उत्तर सुचतं ते नेहमी माणूस उठून गेल्यावर.

आणि मग मोतीमासी आली. बहिणीचं ऑपरेशन झाल्याचं तिला उशिरा कळलं होतं. तिच्या लेकांच्या शेतात कापूस होता, पण वेचून विकला तरी वेचणीच निघत नव्हती, म्हणून अख्खं घर दोन हंगाम उसाच्या टोळीत जात होतं, आणि मधल्या उन्हाळ्यात ते वीटभट्टीवरच राहून गेले होते. त्यामुळे टीव्हीतल्या त्या भेटीनंतर दोघी बहिणींची भेट नव्हती. मधल्या काळात मासीचा एक नातू तिकडेच तापानं गेला होता. आईला ते फक्त निरोपानं कळलं होतं, आणि ते रडणं तिच्या गळ्यात तसंच राहिलं होतं. ती अनेकदा म्हणायची, मोती भेटली की त्याचं रडाचं हाय. जसं आपण म्हणतो, अमक्याचं देणं द्यायचं आहे. मासीच्या बाजूनंही तसंच असणार. ते लेकरू गेलं तेव्हा तिच्याजवळ रडायला आपलं माणूस नव्हतं, मुकादमानं अर्धा दिवस दिला होता.

दार मीच उघडलं. मासी आधीच दम लागलेली, डोक्यावर गाठोडं, हातात काठी. मला पाहून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला ओलांडून आत पाहिलं. आई उभी राहिली होती. मासीनं गाठोडं टाकलं, हात पसरले, आणि पहिला सूर लावला, तो लांब सूर जो वर चढतो. आई भरभर पुढं आली. मला वाटलं आता ती गळ्यात पडेल. तिनं उजवा हात उचलला आणि मासीच्या तोंडावर ठेवला. जोरानं नाही, पण घट्ट. "चूप," ती म्हणाली, "इथं नाही. लोकाइले व्यत्यय होते." मासीला तो शब्द समजला नाही. हात समजला. आमच्यात असा हात फक्त एकदा ठेवतात, मेलेल्याचं तोंड उघडं राहिलं असलं तर मिटवायला. मासीचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले, मग खाली आले. मी पुढं झाले, घाईनं बोलले, "मासी, डोळ्याचं ऑपरेशन झालं न तिचं, डाक्टरनं रडू नोको म्हनलं." मासी माझ्याकडे वळली. "डोळ्यानं कोन रडते वो बाई?" ती म्हणाली. "रडाचं तं गळ्यानं असते."

ती बसली. मी चहा ठेवला, तिनं पाणीच घेतलं. आई तिच्याशेजारी बसून बोलत राहिली, हळू आवाजात, डोळ्याचं, थेंबाच्या औषधाचं, यवतमाळच्या भाज्यांचं, सगळं एकदम खूप बोलत राहिली. नातवाचं मात्र दोघीही बोलल्या नाहीत. तो विषय नुसता बोलायचा नसतो, तो रडूनच काढायचा असतो, आणि तो दरवाजा आईनं आपल्या हातानं लावला होता. मी मध्येच म्हणाले, मासी, त्या लेकराचं फार वाईट झालं. माझं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं ठीक होतं. मासीनं हुं केलं, कोणी बसमध्ये जागा विचारल्यावर करतात तसं. दुपारची गाडी आहे म्हणून ती उठली. आई म्हणाली, राहा न आजच्या रोज. मासी म्हणाली, "नाही बाई. शहर हाय. कोनाले तरास नोको." जिन्यात तिची काठी खालपर्यंत वाजत गेली. तेव्हा एकही दार उघडलं नाही. आई खिडकीशी गेली, पण मासीनं वर पाहिलं नाही. त्यानंतर आई बरेच दिवस स्वयंपाकघरात उभी राहिली की आपला उजवा हात ओढणीनं पुसायची, कोरडा असला तरी.

चूक म्हणावी तर कोणाची म्हणावी? मी रामरावांशी भांडायला हवं होतं. मनात मी रोज भांडायचे, वर्गात शिकवता शिकवता भांडायचे. गणपतीत दहा दिवस तुमचे डीजे वाजतात तेव्हा तो उत्साह असतो, तुमच्या लग्नात रस्ताभर फटाके फुटतात तो आनंद असतो, मंत्री येतात तेव्हा अर्धं यवतमाळ अडवून ठेवतात ती व्यवस्था असते, आणि एक म्हातारी आपल्या लेकीच्या गळ्यात पडून मोजून पाच मिनिटं रडते तो व्यत्यय. पण खरं भांडण झालंच नाही. जिन्यात ते भेटले की नमस्कार मॅडम म्हणायचे आणि मी नमस्कार म्हणायचे. एकदा तर त्यांनी विचारलं, आईंचा डोळा कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. मला घर बदलायचं नव्हतं, हेच खरं. त्या फ्लॅटचे हप्ते फेडता यावेत म्हणून माझ्या नवऱ्यानं, रूपसिंगनं, बढतीवर नांदेडला बदली घेऊन एकट्यानं राहणं पत्करलं होतं.

दिवाळी झाली तशी टोळ्या निघायला लागल्या. निरोप आला की मासीची गाडी महागावच्या फाट्यावरून जाणार, तिथं आमच्या भागातली माणसं चढणार आहेत. आई म्हणाली, मले ने. मी रजा टाकली. गाडीत ती सगळा वेळ ओठ हलवत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. नंतर माझ्या लक्षात आलं, ती ओळी जुळवून पाहत होती, राहिलेल्या सगळ्या, नातवाच्या, तोंडावर ठेवलेल्या हाताच्या, त्यासाठी मागायच्या माफीच्या. दोन्ही बाजूंनी कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस नव्हतं. फाट्यावर ट्रक आधीच उभा होता. भांडी, कोंबड्या, बाजा, लेकरं, आणि सगळ्यांत मागं, गाठोड्यावर, मोतीमासी. आईला वर चढता येईना. मी हात दिला तर तिनं तो झिडकारला, ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या साखळीला धरून खालीच उभी राहिली, तोंड वर करून, काळा चष्मा काढून माझ्याकडे दिला, आणि सूर लावला.

मी तिचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. फाट्यावरचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला. तिनं पहिली ओळ म्हटली, माझ्या बहिणी, तुझा नातू कोणत्या मातीत निजवला, आणि थांबली, कारण आता उत्तराची ओळ मासीची. मासी बसली होती. तिनं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहायला लागली. आई थांबली होती तेवढं थांबून दुसरी ओळ म्हणाली, माझा हात झडो, त्यानं तुझं तोंड मिटवलं. पुन्हा थांबली. ती रिकामी जागा मला सहन होईना. ट्रकमधल्या बाया मासीकडे पाहत होत्या, एकीनं तिला कोपरानं ढोसलंही. मासीनं तोंड उघडलं, तेव्हा मला वाटलं झालं, सुटलं. ती म्हणाली, सरळ बोलण्याच्या आवाजात, "जाय बाई घरी. गाडी खोळंबते." ड्रायव्हरनं त्याच क्षणी गाडी काढली असंही नाही, तो बिचारा वाट पाहत होता, मुकादम खाली उतरून बिडी पीत होता. मासीला अजून वेळ होता, भरपूर. मग बिडी संपली आणि ते गेले.

आई साखळी सुटल्या जागीच उभी होती, रस्त्याच्या मधोमध, हात तसाच वर. मी धावले, तिच्या गळ्यात हात घातले आणि उत्तर द्यायचं म्हणून तोंड उघडलं. मला आसवांचे समानार्थी शब्द माहीत आहेत, शोक आणि विलाप यांतला फरक मी तासभर शिकवू शकते. तोंडातून फक्त याडी एवढं आलं, हजेरीत नाव पुकारावं तसं, सपाट. तिनं माझे हात एकेक करून आपल्या मानेवरून काढले. "राहू दे, सोनू," ती म्हणाली. "तुले नाही येत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मग ती रस्त्यावरच खाली बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. एक ओळ आपली म्हणायची आणि दुसरी मोतीची, थोडा आवाज बदलून, मासीचा खरखरीत आवाज काढून, स्वतःच विचारायची आणि स्वतःच सांगायची. लेकरू कसं तापलं, बाजेवर कसं नेलं, कोणी नव्हतं गं जवळ. मासीनं तिला हे कधीच सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं माहीत होतं. मागून पुसदकडची एसटी येऊन थांबली होती, तिच्यामागं दोन जीप आणि एक बैलगाडी. कंडक्टर खाली उतरला, कोण वारलं म्हणून त्यानं चहावाल्याला विचारलं, चहावाल्यानं खांदे उडवले. मग तो माझ्याजवळ आला. "ताई, त्याहिले जरा बाजूले घ्या न. पॅसेंजर ओरडून राह्यले."

"ओरडू द्या," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जाऊन ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं. आईच्या अजून बऱ्याच ओळी राहिल्या होत्या. मी तिच्यापासून थोडी दूर, तिचा चष्मा हातात घेऊन, उभी राहिले.